हाताखाली कोण नाय

आमच्या मुरबाडच्या कारखान्यात कोण कोणाच्या वर, हे एकदा कागदावर यावं असं मालकांना वाटलं. ऑफिसातला शिकलेला म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मीही हुरळलो. पाच पायऱ्या आखल्या, प्रत्येकीचं काम लिहिलं, कोण कुठे बसेल ते ठरवायला प्रश्न काढले. त्यातला सगळ्यात वजनदार प्रश्न होता, तुमच्या हाताखाली किती माणसं?

डोळखांबकडचे एक काका प्रेसवर होते. पत्रा कापायचा साचा मशीनवर बसवणं हे त्यांचं काम. साचा केसभर हलला तरी ते नुसत्या आवाजावरून ओळखायचे. साचा बसवणारे बाकीचे सगळे त्यांनीच तयार केलेले. दिवाळीला ते निवृत्त होणार होते.

"हाताखाली किती?" मी विचारलं.

"हाताखाली कोण नाय रे. सगली बरोबरच करतो आमी."

मी शहापूरचा, भातशेतीच्या घरातला. लावणीला एकमेकांच्या शेतात जाणारी माणसं 'माझ्या हाताखाली इतके' असं कधी बोलत नाहीत. कोणी बोललाच, तर पुढच्या लावणीला त्याच्या बांधावर कोणी फिरकत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी मी शून्य लिहिलं. सांगतील तेच लिहायचं, हा शहाणपणाचा नियमही माझाच.

यादी लागली. काका सगळ्यात खालच्या, पहिल्या पायरीवर, त्यांनी शिकवलेले तिसरीवर. मी मालकांकडे गेलो. "एकाचं बदललं की सगळे रांग लावतील. पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले. पुढच्या वर्षी काका नसणार होते. मी मान डोलावून बाहेर आलो. नोकरीची भीती वाटली, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका प्रेसखालचा चुरा झाडत होते. त्यांचे चेले साच्याशी झटत होते, त्यांच्याकडे न बघता.

"काका, हे तुम्ही कशाला?"

"पयल्या पायरीचं काम हाय. झाडलोट. तूच लिवलंस ना रे?"

आवाजात राग नव्हता. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात त्यांचा झाडू थांबला. त्यांनी प्रेसकडे कान दिला. मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही.

"साचा हललाय का, काका?"

"तिसऱ्या पायरीवाल्यांना विचार," ते म्हणाले आणि पुन्हा झाडायला लागले.