टोपवाल्यांचे तलाठी

युरोपातला एखादा मोठा संगीतकार कधी जन्मला, कधी गेला, मागे वारस किती, आणि त्याच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या रचनांपैकी खरोखर त्याच्या किती, हे खात्रीनं जाणून घ्यायचं असेल तर माणसानं विमानाचं तिकीट काढू नये. गेल्या दिवाळीपर्यंत तरी अलिबागहून नागावला यावं, आमच्या वाडीच्या दगडी गडग्यापाशी उभं राहावं आणि "भाऊसाहेब" अशी हाक मारावी, एवढं पुरे होतं. पलीकडच्या घरातून जे गृहस्थ चष्मा पुसत बाहेर यायचे, त्यांच्याइतकी पक्की माहिती या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. त्यांनी आयुष्यात एकही वाद्य हातात धरलेलं नाही. गणपतीच्या आरतीत त्यांची टाळी नेहमी उरलेल्या वाडीच्या मागून पडते. ते निवृत्त तलाठी आहेत. तलाठ्याला आमच्याकडे सगळे भाऊसाहेबच म्हणतात, आणि निवृत्तीनंतरही ते कुणाच्या तोंडून सुटलेलं नाही.

मला लिहायची फारशी सवय नाही. बाबा पर्यटकांना बनाना बोटीत फिरवतात, आई दोन खोल्यांचं होमस्टे चालवते, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण भाऊसाहेबांबद्दल लिहिताना मला नेहमीसारखी भीती वाटत नाही, कारण जे लिहीन ते मी स्वतः पाहिलेलं आहे, आणि पाहिलेल्याला त्यांच्या लेखी सगळ्यात जास्त किंमत.

आमच्याकडे पाहुण्यांसाठी वाय-फाय घेतलंय. ते ओटीच्या डाव्या कोपऱ्यातच नीट मिळतं, म्हणून त्या कोपऱ्यात भाऊसाहेबांचं कार्यालय असे. बरोबर दहाला ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून, काखेत एक जाडजूड वही आणि मुलानं दिलेला जुना टॅब घेऊन यायचे. एक वाजता जेवणाची सुट्टी. त्या वेळी टॅबवर पन्नास व्हायोलिनं एकदम चढत असली तरी ते बोटानं थांबवायचे आणि उठायचे. एकदा पोहे खाणाऱ्या एका पाहुण्यानं "अंकल, जरा डीजे लावा ना" म्हणून सांगून पाहिलं. भाऊसाहेबांनी त्याच्याकडे बघून शांतपणे विचारलं, "त्याचा मूळ मालक कोण, सांगता येईल तुम्हाला?" पाहुणा पुन्हा पोह्यांकडे वळला.

परदेशी नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी सगळ्यांना आपल्या सोयीची नावं दिली होती. डोक्यावर केसांचा टोप म्हणून थोरले टोपवाले आणि धाकटे टोपवाले, मग रागीट, खोकल्यानं गेलेले, आणि एक नुसतेच 'सासुरवाडीचे', कारण त्यांचा बहुतेक पत्रव्यवहार सासऱ्याशी होता. बाबा समुद्रावरून परत आले की गंमतीनं विचारायचे, "काय भाऊसाहेब, तुमचा रागीट जिवंत हाय का गेला?" भाऊसाहेब गंभीरपणे सांगायचे, "गेला. पण दोन ठिकाणी दोन तारखा आहेत. चौकशी चालू आहे."

हे वेड त्यांना लागलं ते चक्रीवादळानंतर. नोकरीचं ते त्यांचं शेवटचं वर्ष होतं आणि नेमणूक दिवेआगरकडे. कितीतरी दिवस ते आडव्या झालेल्या सुपाऱ्या-नारळींमधून पंचनामे करत हिंडत होते. एका वाडीत एक म्हातारा मालक गाडीच्या बॅटरीवर मोबाईल लावून बसला होता आणि त्यातून नुसता पियानो वाजत होता. मोडलेली झाडं, उडालेली कौलं, आणि मधूनच ते संथ सूर. भाऊसाहेब लिहायचे थांबले. त्यांनी विचारलं, "हे कुणाचं?" म्हातारा म्हणाला, "काय माहीत. आपोआप लागलं." आयुष्यभर 'हे कुणाचं' याच प्रश्नाचं उत्तर लिहीत आलेल्या माणसाला पहिल्यांदा रकाना रिकामा सोडावा लागला. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती वही उघडली आणि पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहिलं: "धून. मालक अज्ञात." ती धून शोधता शोधता बाकीचे सगळे टोपवाले त्यांना वाटेत भेटले.

माझा संबंध आला तो माझ्या फजितीमुळे. कॉलेजात मी 'पाश्चात्य संगीताची ओळख' असा एक जादा कोर्स घेतला होता. सेमिनारसाठी मला भाऊसाहेबांचे रागीटच वाट्याला आले. मी शोधलं, पहिली जी वेबसाइट आली तिच्यावरून सगळं उतरवलं आणि वर्गात वाचलं. त्यात होतं की त्यांनी आपली पहिली मोठी रचना लहानपणी, गावच्या समुद्रात वादळात सापडलेल्या होडीत बसून केली. सरांनी विचारलं, "हे कुठं मिळालं?" मी म्हटलं, "इंटरनेटवर." वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण म्हणाले, "इंटरनेट हे गाव झालं. मला घर नंबर सांग. पुढच्या महिन्यात पुन्हा वाच."

मी घरी आले आणि कोर्स सोडण्याचा अर्ज लिहिला. खरं सांगायचं तर सोडायचा होता तो नुसता कोर्स नव्हता. हे आपल्यासारख्यांचं काम नाही, असं त्या दिवशी मला आतून वाटलं होतं आणि उरलेल्या कॉलेजचाही अर्ज मी मनात लिहून टाकला होता. आईला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "बाय, अर्ज हाय ना? मग भाऊसाहेबांना दाखव आधी." आमच्या वाडीत कुठलाही अर्ज त्यांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय पुढे जात नाही.

भाऊसाहेबांनी तो दोनदा वाचला. "यात कारण नाही," ते म्हणाले.

"लिहिलंय ना, वैयक्तिक."

"वैयक्तिक हे कारण नव्हे. ते कारण लपवायची जागा आहे. अर्ज दाखल होत नाही." अर्ज त्यांनी वहीत दाबून ठेवला. "आता बस. काय झालं ते सांग."

मी सांगितलं. होडीची गोष्ट ऐकताच त्यांनी टॅबवर नकाशा उघडला, रागिटांचं गाव शोधलं आणि बोट सरकवत सरकवत समुद्राकडे निघाले. समुद्र लागेपर्यंत त्यांचं बोट दोन देशांतून गेलं. "बघ," ते म्हणाले, "चतुःसीमा न पाहता नोंद घेतली की असं होतं. वादळ आपल्याकडे होतं बाय, त्यांच्या गावात होडीला समुद्रच नाही."

त्यानंतर तीन आठवडे कॉलेजातून आल्यावर मी रोज त्या कोपऱ्यात बसले. वेबसाइट उघडली की आधी तळाशी जायचं आणि नोंद कुणी घेतली ते बघायचं. नाव नसेल तर ते पान 'बेवारस'. नाव असेल तर तो माणूस करतो काय, ग्रंथालयात आहे, शिकवतो, की नुसता हौशी आहे, ते विचारायचं. हौशी माणसाला ते हाकलत नसत. "गावात खरी माहिती पुष्कळदा हौशी माणसालाच असते, पण पुरावा मागायचा" म्हणत. तीन ठिकाणी एकच गोष्ट सापडली म्हणून मी खूश व्हायचे, तर ते विचारायचे, "तिघं वेगळ्या घरातले आहेत का? एकाच घरातले तीन पंच म्हणजे एकच पंच." आणि खरंच, होडीची गोष्ट मला पाच ठिकाणी सापडली, पण पाचही जणांनी ती एकाच ठिकाणाहून जशीच्या तशी उचलली होती.

त्यांना सगळ्यात जास्त आवडायची ती मोठ्या ग्रंथालयांची पानं, जिथं संगीतकारांच्या हातच्या वह्यांचे फोटो ठेवलेले असतात. नोटेशनमधलं त्यांना अक्षर कळत नसे. तरी ते भिंग लावून बघत बसायचे. एका पानावर शाईनं इतकं खोडलेलं होतं की कागद फाटला होता. ते पुष्कळ वेळ त्यावरून हलले नाहीत. "सातबाऱ्यावर एवढी खाडाखोड दिसली असती तर मला घरी बसवलं असतं," ते म्हणाले. "इथं उलट आहे. जितकी खाडाखोड, तितका माणूस खरा."

पण चूक त्यांचीही झाली, आणि ती त्यांच्यासारख्याकडूनच होऊ शकते. एका विद्यापीठाची रागिटांवरची फार सुंदर साइट मला मिळाली. पत्रं, रचनांची यादी, वाजवून दाखवलेले तुकडे, सगळं एका ठिकाणी. भाऊसाहेबांनी तळ पाहिला आणि तोंड फिरवलं. तिथं लिहिलं होतं, शेवटचा बदल कालच केलेला. "काल फेरफार झालाय. माणूस जाऊन एवढी वर्षं झाली आणि नोंद काल बदलते? बंद कर." चार दिवस त्यांनी ती उघडू दिली नाही. सेमिनार आठवड्यावर आला होता. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "भाऊसाहेब, मला वाटतं, तुम्ही चुकताय. म्हणजे, कदाचित." आणि खालचं एक बटण दाबून दाखवलं. कुठली ओळ बदलली, कुणी बदलली, आधी काय होतं, कुठल्या पत्रावरून बदललं, सगळी यादी खाली उलगडली.

ते वाचत राहिले. आई दारात भांडं घेऊन थांबली होती. मग त्यांनी चष्मा काढला. "हा तर फेरफाराचा उतारा आहे," ते म्हणाले. "जो आपली चूक तारखेनिशी लिहून ठेवतो, त्याच्याइतका भरवशाचा कोण? आणि हे मला तू सांगतेस." वहीत त्यांनी नोंद घेतली, आणि 'कोणी निदर्शनास आणले' या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

सेमिनारला सरांनी पुन्हा तेच विचारलं, "हे कुठं मिळालं?" मी घर नंबर सांगितला. कुणी लिहिलं, कशावरून लिहिलं, कुठल्या ग्रंथालयात मूळ कागद आहे, सगळं सांगितलं. होडीची गोष्ट खोटी कशी ते नकाशावर दाखवलं. एका प्रश्नाला मी म्हणाले, "याची खात्री झालेली नाही, चौकशी चालू आहे." वर्ग हसला, पण या वेळी मीही हसले. सरांनी ते वाक्य स्वतःच्या वहीत टिपून घेतलं. घरी आल्यावर मी भाऊसाहेबांकडे माझा अर्ज परत मागितला. ते म्हणाले, "कुठला अर्ज? आमच्याकडे दाखलच झालेला नाही."

दिवाळीनंतर मुलानं त्यांना खारघरला नेलं. गुडघे चालेनात आणि इथं एकट्यानं राहणं जमेना. जायच्या आदल्या दिवशी ते दहाला आले, बसले, पण टॅब उघडला नाही. वही माझ्यापुढे ठेवली. शेवटच्या पानावर त्यांच्या रेखीव अक्षरात वारस नोंद होती, माझ्या नावाची. खाली पंच म्हणून बाबांची सही आधीच घेतलेली होती. आईनं हात पुसले आणि एकेक अक्षर जपून काढत तिनंही सही केली. मग भाऊसाहेबांनी आमच्या ओटीच्या खांबाला एक नोटीस डकवली: कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. मी म्हटलं, "कोण घेणार हरकत?" ते म्हणाले, "कुणी नाही. तरी मुदत द्यायची असते."

पंधरा दिवस ती नोटीस खाऱ्या वाऱ्यात फडफडत होती. पाहुणे वाचायचे आणि आईला विचारायचे, "जमिनीचं काही आहे का?" आई म्हणायची, "व्हय, पोरीच्या नावावर झालंय." सोळाव्या दिवशी मी खारघरला फोन केला. "हरकत आली नाही," मी सांगितलं. मग ते म्हणाले, "ठीक आहे. पहिल्या पानाचं तेवढं बघ."

पहिल्या पानावर ती दिवेआगरची धून आहे. आता शोधायची मीच. त्या म्हाताऱ्या मालकाची वाडी पुन्हा उभी राहिली आहे, पण तो राहिला नाही. त्यामुळे एकच साक्षीदार उरलाय. मी दर रविवारी फोन करते आणि ते मला ती गुणगुणून दाखवतात, दर वेळी वेगळी. मी प्रत्येक वेळची तारीख टाकून वहीत जशी जमेल तशी लिहून ठेवते. पानावर आता भरपूर खाडाखोड झाली आहे.