आज किती खाली आला?

हवावाले सर वर्गात शिरले की आधी फळ्याच्या कोपऱ्यात जायचे. तिथं खडूनं काढलेला उपग्रह पुसायचे, बोटभर खाली पुन्हा काढायचे आणि विचारायचे, "आज किती खाली आला?" आम्ही ओरडायचो, "बोटभर!"

हे खूळ माझ्यामुळं लागलं. भूकंपानंतर लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले, तेव्हा मी मुखेडहून आले होते. एकदा विचारलं, "एवढ्या वर हवा नसते, मग उपग्रह खाली का येतो सर?" अहमदपूरहून रोज एसटीनं येणाऱ्या त्या माणसाचा चेहरा खुलला. "हवा हाय पोरी! लई विरळ, पर हाय. तिला घासून घासून त्याचा दम जातो. अन् सूर्य खवळला की वरची हवा तापून फुगते, मग तर आणखी लवकर घसरतो." तेव्हापासून त्यांना हे नाव पडलं.

क्लासचे मालकही भौतिकशास्त्रच शिकवायचे. एक दिवस ते दारात येऊन म्हणाले, "परीक्षेत येतंय का हे? चित्रं काढायची तर बालवाडीत जा." सगळ्या वर्गासमोर त्यांनी तो उपग्रह स्वतःच्या हातानं पुसला आणि सरांना काढून टाकलं. प्रश्न माझा होता, पण माझं तोंड उघडलं नाही. त्याची लाज अजून वाटते.

पुढं मी रविवारी अहमदपूरला सरांकडंच शिकायला जायची. एकदा विचारलं, "मालकांचा राग येतो का?"

"येतो की! मी काय संत हाय? पर हवा भांडत न्हाई पोरी. सोडत बी न्हाई."

मीही सोडलं नाही. उपग्रहांवर लक्ष ठेवायची नोकरी लागली, तेव्हा मालकांनी माझा फोटो आपल्या बोर्डावर लावला आणि सत्काराला बोलावलं. मी आनंदानं गेले. शाल घेतली, नारळ घेतला. मग माइकवरून मालकांनाच विचारलं, "सर, एवढ्या वर हवा नसते, मग उपग्रह खाली का येतो?"

ते हसले. मग हसणं थांबलं. समोर पोरं होती, पालक होते, आणि उत्तर येत नव्हतं. मी भरपूर वेळ दिला. मग उत्तर सांगितलं, ते कुणी शिकवलं ते सांगितलं, आणि फळा कुणी पुसला तेही सांगितलं. मालक घाम पुसत राहिले. मला दया आली नाही, मी येऊ दिली नाही.

हवावाले सर आदल्या वर्षीच गेले होते. असते तर त्यांनी एकच गोष्ट विचारली असती. बोटभर नाही सर, पार जमिनीवर आला.