पापलेट धरलेला हात

अगं, ये अशी जवळ. आणि तो फोन आधी पालथा ठेव. तू तिकडे लांब, मी इथे पनवेलला, पण लिहिताना मला तू समोर बसलेलीच दिसतेस, म्हणून समोरासमोर रागवावं तशीच रागावते. परवा तू मला एका बाईचा फोटो पाठवलास. खाली लिहिलेलं, या बाईला कामाला ठेवू नका, सावध राहा, सगळ्यांना पाठवा. तू ओळखतेस तिला? नाही. ज्या मैत्रिणीनं तुला पाठवला ती ओळखते? तीही नाही. मग पाठवलास कशाला? एवढी शिकलेली मुलगी तू!

रागावते, कारण हेच मी केलंय. ते तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या काकांनासुद्धा अर्धंच ठाऊक आहे.

माझा संशयी स्वभाव तुला माहीत आहेच. गॅसचा सिलिंडर आला की मी तो हलवून बघते. भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघते. सुनेनं मला तो बोटानं सरकवायचा फोन आणून दिला तेव्हा पहिले दोन महिने मी त्याच्याकडे चोरासारखीच बघत होते. मी किती वाजता फोन उघडला होता ते बाकीच्यांना दिसतं म्हणे. का? कोणाला काय करायचंय? सून त्यातल्या गोष्टींची इंग्रजी नावं घ्यायची, मी रंगानं लक्षात ठेवल्या. हिरवं म्हणजे निरोपांचं, ज्यात आमच्या बिल्डिंगच्या बायकांचा ग्रुप होता. निळं म्हणजे फोटो लावायचं. सून म्हणायची, "आई, तुम्ही संशय घेत बसा, तोवर सगळं जग पुढे जाईल." मी म्हटलं, जाऊ दे, मला कुठे घाई आहे.

पण सवय लागली गं. पुढे मी इतके फोटो काढले आणि निळ्यावर लावले! जास्वंद, उकडीचे मोदक, तुझे काका पेपर वाचताना, गॅलरीतलं कबूतर. लाइक आले की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आता आमची बाय. तू लहानपणी तिला घाबरायचीस, आठवतं? डोक्यावर पाटी घेऊन यायची ती कोळीण. खाडीकडून पहिल्या बसनं येऊन आमच्या बिल्डिंगच्या तिन्ही जिन्यांना फिरायची. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. पंचवीस वर्षं. खालूनच हाक द्यायची, "वयनीऽऽ, पापलेट हाय!" मी दरवेळी मासळीचा कल्ला वर करून बघायची, लाल आहे की काळा पडलाय. ती चिडायची. "वयनी, डागतराकडं गेल्यावर त्याचा पन गला बगताव काय?" तरी मला दाखवायला स्वतःच कल्ला उचलून धरायची. तिच्या अंगठ्यावर कोयत्याचा एक आडवा वण होता, त्यामुळे तिचा हात मी कुठेही ओळखला असता.

एका थंडीत तिचा नवरा गेला. महिन्याभरानं ती पुन्हा आली, पाटी उतरवली, नेहमीसारखं बोलली. मी तिच्या मोकळ्या मनगटाकडे बघून नजर दुसरीकडे वळवली. एवढंच. त्यानंतर वर्ष उलटलं आणि उन्हाळ्यात तिचे गुडघे धरले. एक दिवस येऊन म्हणाली, "वयनी, चार महिने येनार नाय. गनपती झालं की सुनेला घिऊन येते, तिला घरं दावते. माजी घरं दुसऱ्याला दिऊ नका." सुनेचा नंबरही सांगितला. मी तो माझ्या डायरीत लिहून ठेवला.

पाऊस सुरू झाला आणि एक दिवस ग्रुपवर कोणीतरी निरोप टाकला. ताजी मासळी, साफ करून घरपोच. खाली एक नंबर आणि फोटो. फोटोत एक हात, हातात पापलेट, अंगठ्यानं कल्ला उचललेला, आत लालभडक. आणि अंगठ्यावर तो वण.

"अय्या, ही तर आपली बाय!" पहिल्या मजल्यावरचीनं लिहिलं. कोणी त्या नंबरला विचारलं, बायची मासळी आहे का? उत्तर आलं, होय ताई, तीच. झालं. सगळ्यांनी मागवायला सुरुवात केली.

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. पावसात होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. आषाढात रोज एवढं ताजं पापलेट आणतं कोण? पण संशय आला तो कोणाचा? बायचा. मला वाटलं, बर्फातला माल विकायला लागली ही. गुडघ्याचं निमित्त सांगून आमच्याकडे यायचं बंद केलं आणि घरबसल्या फोनवरून धंदा मांडला. मला सांगितलंसुद्धा नाही, याचा राग जास्त होता.

गटारीला अख्ख्या बिल्डिंगनं मागवलं. पिशव्या घेऊन कोणी माणूस आला, वॉचमनकडे देऊन गेला. आमच्याकडची पिशवी उघडली आणि तुझे काका खिडकीत जाऊन उभे राहिले. पापलेट बोटानं दाबलं तर खड्डा तसाच राहिला. घरोघरी तोच प्रकार. ग्रुपवर नुसता भडका. बाय अशी, बाय तशी. आणि मग मी लिहिलं. सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक मी, माझ्या शब्दाला वजन. मी लिहिलं, "पंचवीस वर्षं मी तिच्यावर विश्वास ठेवला. बाय आता पूर्वीची राहिली नाही. यापुढे कोणी तिला दारात उभी करू नये."

काय सांगू तुला, किती अंगठे आले त्याला! जन्मात एवढं कोणी माझं ऐकलं नव्हतं. मी दिवसभर ते उघडून बघत होते.

श्रावणात आमच्याकडे मासळी बंद. एका दुपारी सून मला दोन बोटांनी फोटो मोठा करायला शिकवत होती, औषधाच्या चिठ्ठ्या वाचता याव्यात म्हणून. म्हटलं, सराव करू या. मुद्दाम तोच फोटो उघडला. मनात हेच की बघू तरी कल्ल्याला रंग लावलाय का. मोठा केला, आणखी मोठा केला, बोट घसरलं आणि फोटो सरकून मनगटावर आला.

मनगटात हिरव्या बांगड्या होत्या. कोपराकडे चढत गेलेल्या, गच्च.

नवरा जाऊन दीड वर्ष झालेल्या बाईच्या हातात हिरवा चुडा कुठून येणार? म्हणजे फोटो जुना. म्हणजे ते पापलेट दीड वर्षापूर्वीच कोणाच्या तरी पोटात गेलेलं. सून म्हणाली, "आई, फोटो कोणीही कुठूनही उचलतं." मी म्हटलं, थांब, खात्री करू. त्या नंबरला लिहिलं, "दादा, सुरमई हवी आहे. मासळीच्या बाजूला आजचा पेपर ठेवून फोटो पाठवा." दोन निळ्या टिका आल्या. वाचलं त्यानं. थोड्या वेळानं उत्तर म्हणून तोच पापलेटचा फोटो. मी पुन्हा लिहिलं, "पेपर दिसत नाही, दादा." यावेळी एकच टिक. त्याचा गोलातला फोटो गेला, तिथे करडी आकृती राहिली. "ब्लॉक केलं तुम्हाला," सून म्हणाली. तिला हसू आलं होतं. मला येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच निघाले. उलव्याच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला तिचं गाव. वाटेत मातीचे डंपर एकामागून एक, बसच्या खिडकीतून धूळ नाहीतर चिखल. विचारत विचारत घर सापडलं. बाय पडवीत पाय लांब करून बसली होती, गुडघ्यांना फडकी बांधून, समोर जाळं. मला बघून उठायला गेली आणि मग उठली नाही. तेव्हाच कळलं, हिच्या कानावर गेलंय.

"बसा," एवढंच म्हणाली. वयनी म्हणाली नाही.

तिची सून चहा घेऊन आली, तिनंच तोंड उघडलं. "तुमच्या बिल्डिंगमधली येक बाई मना बाजारात गाठून बोलली, तुजे सासूनं आमाला सडका माल दिला. चार मानसांत बोलली. आमी तं दोन महिने माशाला हात लावला नाय."

मी सगळं सांगितलं. फोटो, तो नंबर, पेपर. आणि मी काय लिहिलं होतं तेही. ते वाचूनच दाखवलं, म्हणजे मला त्यातला एखादा शब्द गाळता येऊ नये. बाय ऐकत होती. जाळ्याच्या गाठीवरचं बोट थांबलं होतं.

"सुनेचा नंबर लिवून घेतला व्हता ना तुमी?" तिनं विचारलं.

"हो."

"फोन बी व्हता हातात."

"होता."

"मंग येक फोन नाय करवला, वयनी?"

त्याच फोनवर मी अख्ख्या बिल्डिंगला ओरडून सांगितलं होतं. त्याच फोनवर तिला एकदा विचारायचं मात्र सुचलं नव्हतं.

"बगू दे फोटो," ती म्हणाली. मी मोठा करून धरला. तिनं फोन स्वतःच्या हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. बांगड्यांवर तिची नजर बराच वेळ होती. मग ती एकदम म्हणाली, "अवो, ह्यो तर तुमचा उंबरा!"

"कुठला?"

"ह्यो बगा ना. कडाप्पा. टवका उडलेला. मी रोज तितंच पाटी टेकवते, मना नाय कलनार?"

फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, पापलेटच्या शेपटीमागे, नखाएवढा काळा दगड. टवका उडालेला. माझाच उंबरा. आणि मग आठवलं गं. फोन नवीन होता तेव्हा मीच काढला होता तो फोटो. 'आमची बाय आणि तिचं पापलेट' असं लिहून निळ्यावर लावला होता. तिथे कोण बघू शकेल ते ठरवायचं एक बटण असतं, ते मला ठाऊकच नव्हतं. जगाला उघडा होता तो फोटो. त्या माणसानं तिथूनच उचलला, कडेनं कापला आणि आमच्याच दारात आणून विकला. मी काट्याखाली वाकून बघणारी, सिलिंडर हलवून बघणारी बाई!

मी म्हटलं, "बाय, आत्ता पुसते."

"पुसू नका," ती म्हणाली. "माजा भरल्या हाताचा दुसरा फोटो नाय."

तिची सून आत निघून गेली. मी चहा प्यायले, तो कधीच निवला होता.

घरी येऊन सुनेकडून तो फोटो निळ्यावरून आधी काढवला. पनवेलच्या स्टुडिओत त्याची मोठी प्रत करवली, चौकट लावून बायला पोचवली. आणि ग्रुपवर लिहिलं. माझी चूक झाली, फोटो मीच लावला होता, ती मासळी बायची नव्हती, सगळं. तर काय झालं ठाऊक आहे? दोन हात जोडलेले आले. एकीनं लिहिलं, जाऊ द्या काकू, होतं असं. लगेच त्याच्यावर कोणाचा तरी गुलाबांचा शुभ सकाळ येऊन पडला, मग पाण्याच्या टाकीची सूचना, मग एक बाळकृष्ण. माझं लिहिलेलं कुठच्या कुठे वर निघून गेलं. वाईट लिहिलं होतं ते सगळ्यांनी वाचलं होतं, हे कोणाला वाचायचं नव्हतं.

म्हणून मग मी जिने चढले. तिन्ही जिने, प्रत्येक दार. बाय चढायची तसे. बेल वाजवायची, उभ्या उभ्या सांगायचं. कोणी पाणी दिलं, कोणी ऐकता ऐकता टीव्हीकडे बघत राहिलं. तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "काकू, आग लागल्याशिवाय धूर येतो का? तुम्ही भोळ्या आहात." मला भोळी म्हणणारी ती पहिलीच. बाजारात बायच्या सुनेला गाठणारीही हीच असणार असा माझा दाट संशय आहे, पण यावेळी मी तो कुठे लिहिला नाही. तोंडावर विचारलं. तिनं दार लावून घेतलं.

गणपती गेले आणि पहिल्या बुधवारी खालून हाक आली. आवाज सुनेचा होता, जरा दबका. बाय रिक्षानं आली होती, जिन्याखाली स्टुलावर बसली. पाटीपुढे मी एकटी. वरच्या गॅलऱ्यांतून डोकी दिसत होती, खाली कोणी येत नव्हतं. मी पापलेट उचललं आणि सवयीनं अंगठा कल्ल्याकडे गेला. तिथेच थांबला. मला लाज वाटली.

"बगा ना," बाय मोठ्यानं म्हणाली, वर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "थांबलाव कशाला? चांगला उगडून बगा, आनि सगल्यांना दावा!"

मी कल्ला उघडून वर धरला. लाल होता. जरा वेळानं पहिल्या मजल्यावरची पिशवी घेऊन उतरली. त्या दिवशी पाटी अर्धीच संपली. आता बहुतेक घरं घेतात. तिसरा मजला अजून घेत नाही.

तर आता तू काय कर, तो फोटो कोणाकोणाला पाठवलास त्या प्रत्येकीला फोन कर. लिहू नकोस, फोन कर. नुसतं लिहून ते निघत नाही, मी बघितलंय. आणि मग इकडे ये गं. किती दिवस झाले तुला बघून. बुधवार धरून ये, म्हणजे बायही भेटेल. तुझी आठवण काढते ती, म्हणते, ती मना भिनारी पोर कवा येनार? येताना तिसऱ्या मजल्यावर माझ्याबरोबर चल, ती तुझ्या आईच्या ओळखीची आहे. मी अजून प्रयत्न सोडलेला नाही. लवकर ये.