पहिल्या दिवसाचे पाहुणे

माझी थोरली बहीण नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवायची आणि तिला सहलींचा मनस्वी राग होता. एसटी भरून जायचं, धबधब्याखाली किंचाळायचं, घरून नेलेल्या पुऱ्या खायच्या आणि तेलकट कागद तिथेच टाकून परतायचं. "ज्या गावाला जातो त्या गावाला आपल्या येण्याचा उपयोग काय?" असं ती मला भर जेवणात विचारायची, जणू मी पर्यटनमंत्री होते. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला पुऱ्या आवडायच्या.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. ताईने शेवटी स्वतःचीच सहल आखली. कळवणच्या पुढे, डोंगराच्या पोटात एक लहानसा पाडा तिला कुणीतरी सुचवला होता. तिच्या शाळेतल्या काही शिक्षिका, त्यांच्या मैत्रिणी आणि हक्काची हमाल म्हणून मी, असा आमचा जथा. नियम ताईचे. घरून खायला काही घ्यायचं नाही, गावात शिजेल ते खायचं. मुक्काम लोकांच्या घरात, आणि निघताना प्रत्येक घरच्या कारभाऱ्याच्या हातात योग्य ते पैसे. सगळ्यात लाडका नियम शेवटचा: रोज घर बदलायचं. आज इथे, उद्या शेजारी, परवा त्याच्या पलीकडे. एकाच घराचं भलं व्हावं आणि बाकीच्यांनी तोंडाकडे बघत बसावं, हे तिला चालणार नव्हतं. हा नियम सुचला तेव्हा ती इतकी खूश झाली की रात्री तिने आपणहून भांडी घासली.

पहिल्यांदा गेलो ते दिवाळीच्या सुट्टीत. पहिला मुक्काम एका विधवा बाईकडे; तिचा कारभार पलीकडे राहणारा दीर बघायचा. आम्ही तिला मावशीच म्हणायला लागलो. मावशीने दारातच आमच्या पायांवर तांब्याने पाणी घातलं. अंगणात डालग्याभोवती कोंबड्या टिपत होत्या. सासरी असलेल्या लेकीला दिवस गेले होते, पहिलंच बाळंतपण, शिमग्याच्या सुमारास. "तिच्यासाठी राखल्यात," कोंबड्यांकडे बघत मावशी म्हणाली. "बाळंतिणीला रस्सा लागतो ना." संध्याकाळी त्यातलीच एक आमच्या ताटात होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी पुन्हा पायांवर पाणी आणि पुन्हा कोंबडी. तिसऱ्या दिवशीही तेच. आम्ही अंगाने भरून नाशिकला परतलो आणि भेटेल त्याला सांगत सुटलो, की डोंगरातल्या माणसांचं मन केवढं मोठं असतं. ते खोटं नव्हतंच.

संक्रांतीनंतर दुसरी फेरी झाली. या वेळी लेक माहेरी आली होती, पोट पुढे आलेली आणि हातपाय काडीसारखे. डालग्यातल्या कोंबड्या कमी झालेल्या होत्या, पण तेव्हा ते फक्त दिसलं, डोक्यात शिरलं नाही. मावशीच्या घरी पहिल्याच रात्री मला ताप भरला. सकाळी बाकीच्या सगळ्या नियमाप्रमाणे दुसऱ्या घरी गेल्या आणि मी तिथेच राहिले.

त्या दिवशी मावशी वेगळीच बाई झाली. मला उठवून तिने नागलीची भाकर आणि लाल चटणी पुढे ठेवली, आणि ताप उतरल्यावर वालाच्या शेंगा सोलायला बसवलं. लेकीने माझ्या मांडीवरच्या फडक्यालाच हात पुसले. आम्ही तिघी मिळून हसलो. शेजारून कोंबडीची फडफड ऐकू आली, तशी मी गमतीने म्हटलं, "मावशी, मला आज कोंबडी नाही?"

"ती कालच्याला," मावशी म्हणाली. "पहिल्या दिशी पाहुनी. आज तू घरची झाली. घरच्याला कोन कोंबडं कापतं?"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. आम्ही रोज घर बदलत होतो, म्हणजे रोज पहिल्याच दिवसाचे पाहुणे होत होतो. गावात घरची व्हायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती. आणि पैसे जात होते कारभाऱ्यांच्या हातात, कोंबड्या मात्र बायकांच्या.

परतताना एसटीत हे ताईला सांगितलं. ती चिडली. "एकाच घरी तळ ठोकायचा? बाकीच्यांनी काय करायचं?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "निरोप पाठवते, कोंबडी करू नका म्हणून." मी म्हटलं, कोणता पाहुणा 'करा' म्हणतो? नको म्हणणं हे पाहुण्याचं कामच, आणि तरी वाढणं हे घरच्यांचं. ताईने निरोप पाठवलाच. नियम मात्र तोच ठेवला.

शिमगा झाला आणि आम्ही तिसऱ्यांदा गेलो. ताईने बाळंतिणीसाठी गूळ, खारीक, तूप आणि बाळासाठी जुन्या मऊ धोतराची दुपटी असं गाठोडं बांधलं होतं. वाटभर ते तिने कुणाच्या हातात दिलं नाही. मावशीच्या घराचं कुडाचं दार ओढलेलं होतं आणि त्यावर बोरीचं काटेरी झापं आडवं लावलेलं. डालगं उपडं पडलं होतं. अंगणात एकही कोंबडी नव्हती.

शेजारीण आली. तिने आमच्याकडे न बघता सांगितलं, "त्या शेतावर गेल्यात. पोरीला घेऊन. लवकर नाय यायच्या."

"बसते मी," म्हणून ताई चपला काढून ओट्यावर टेकली. तेवढ्यात आत बाळ रडलं. एकदाच, आणि मग पटकन कुणीतरी छातीशी धरल्यासारखं थांबलं. शेजारीण पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मला इतकी लाज वाटली की पळून जावंसं वाटलं. पाहुण्याला नाही म्हणणं ज्या बाईला जन्मात जमलं नसतं, ती आपल्याच घरात, शेजारणीकडून दाराला बाहेरून काटे लावून घेऊन, लेकीला नि नातवंडाला पोटाशी धरून दडून बसली होती.

ताई उठली. गाठोडं दारात ठेवावं तर आम्हाला कळलं हे मावशीला कळणार, परत न्यावं तर आत बाळंतीण. तिने चपला घातल्या, गाठोडं शेजारणीच्या हातात दिलं आणि वर्गात बोलायची तशा खणखणीत आवाजात, दाराकडे न बघता म्हणाली, "शेतावरून आल्या की द्या त्यांना. म्हणावं, आम्ही उभ्याउभ्याच आलो होतो. आता येणार नाही."

आत काही हललं नाही. पुढच्या घरांच्या उंबऱ्यांवर पाण्याचे तांबे भरून ठेवलेले होते. आम्ही पाय न धुता त्यांच्यासमोरून निघून आलो.