दुपारपर्यंत दमणारा कॉम्प्युटर

मी तळेगावात घरी बसून कारखान्यासाठी यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढते. मध्यंतरी माझा कॉम्प्युटर रोज दुपारपर्यंत दमायला लागला. सकाळी चपळ असायचा, पण जेवणाच्या वेळेला साधी रेघ ओढली तरी ती माउसच्या बरीच मागे राहायची. बंद करून चालू केला की पुन्हा ताजातवाना.

टास्क मॅनेजर उघडून पाहिलं, तर मेमरी हळूहळू भरतच चालली होती. माझा संशय ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमवर. एक दिवस तो उघडलाच नाही, कपाट आवरत बसले. तरी आकडा चढतच राहिला. मग कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम एकेक करून बंद केले. काही फरक नाही. नवरा म्हणाला, "नवीनच घेऊन टाक." पण कारण कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

शेवटी मेमरी सगळ्यात जास्त कोण खातंय ते पाहिलं. ब्राउझर. मी तर तो सकाळपासून उघडलाही नव्हता. स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर त्याची एक खिडकी दडून बसली होती. ती वर घेतली, तर समोर एक गाय निवांत रवंथ करत होती.

गाय आमचीच, कार्ला गावातल्या गोठ्यातली. चुलतसासऱ्यांनी चोरांच्या भीतीने तिथे कॅमेरा बसवला होता. सासरे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते, आणि गाय गाभण होती.

"आबा, हे तुम्ही लावलंय?"

"व्हय," ते जरा ओशाळले. "सकाळी तू डबं भरत असती, तवा लावतो. मोबाईलवर लय बारीक दिसतं. तुज्या कामात आड नको म्हनून खाली ढकलून ठिवतो. तू आत गेली की परत बगतो."

खिडकी बंद केली आणि मेमरी धपकन खाली आली. दाखवून झालेली चित्रं टाकून न देता कॅमेऱ्याचं ते पान सगळी साठवत बसलं होतं. मला इतका आनंद झाला की लगेच चहा टाकला. आबांचा चेहरा मात्र उतरला.

"मंग आता बगायचं न्हाई का?"

संध्याकाळी नवऱ्याने कॅमेरा टीव्हीला जोडून दिला. तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये दिवसभर गाय. शेजारणी दारातूनच विचारायच्या, "आज कशी आहे?"

एका सकाळी ती व्याली. आबा सोफ्यावर बसून फोनवरून भावाला सांगत होते, "आदी नाक पूस त्याचं." चुलतसासऱ्यांनी टीव्हीतून आमच्याकडे बघत हात जोडले. "म्या हाय ना हितं. तू बगत बस."

दुसऱ्या दिवशी ते चीक घेऊन आले. मी खरवस केला आणि शेजारी वाटला. एक शेजारीण दुसऱ्यांदा वाटी पुढे करत म्हणाली, "वासरू झालं तेव्हा मीही होते की इथे."