पत्रिका जुळत होती, सिनेमा जुळला नाही

अन्याय माझ्या ताईवर झाला. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, कोपरखैरण्यातल्या आमच्या घराच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. अन्याय करणारा करंजाड्याहून आला होता. सोबत आईवडील होते आणि अंगात निळा शर्ट होता.

ही वाक्यं मी त्याच संध्याकाळी लिहिली. आमच्या संघटनेत पत्रक असंच लिहायला शिकवतात. आधी कोणावर अन्याय झाला ते, मग कधी आणि कुठे, मग कोणी केला, आणि शेवटी मागणी. विशेषणं कमी वापरायची. पाणीकपातीवर, बंद पडलेल्या बसवर, सोसायटीच्या गेटवर घरकामाच्या बायकांना लिफ्ट नाकारली त्यावर, सगळ्यांवर मी असंच लिहिलंय आणि कधी अडखळलो नाही. इथे मात्र अडखळलो, ते अजून अडखळलेलोच आहे. त्यामुळे जे झालं ते सरळ सांगतो.

सुरुवात आदल्या दिवशी, शनिवारी झाली. ताईला एक सिनेमा कधीचा बघायचा होता. थेटरात लागला तेव्हा तिची ऑडिटची कामं चालू होती, ती मोकळी होईपर्यंत सिनेमा उतरलाही. तो ओटीटीवर आल्याचं कळलं, तशी तिने शनिवारची दुपार राखून ठेवली. आई, बाबा, ताई, मी, सगळे टीव्हीसमोर. रिमोट बाबांकडे. तो कायम बाबांकडेच असतो.

सिनेमा विचित्र होता. नायक घरोघरी केक पोचवणारा, नायिका कुलुपांच्या किल्ल्या बनवणारी, आणि दोघांच्याही डोक्यावर व्हिडिओ गेमसारखी तीन-तीन लाल बदामं. खोटं बोललं की एक बदाम फुटणार. नायिकेचा मामा, घरमालक, जिमवाला असे कोणकोण नायकाला मारायला येतात आणि मार खाऊन नाण्यांचा ढीग होऊन खाली पडतात. मध्येच गाणं, मध्येच स्कूटरवर पाठलाग, मध्येच पडद्यावर 'लेव्हल दोन'.

"हे कोण आता?" आई दर पाच मिनिटांनी विचारत होती.

"अगं, मामाच आहे. त्याची पॉवर वाढलीये," ताई सांगत होती.

"मामाची?"

मी तक्रार करायच्या तयारीने बसलो होतो. बाई म्हणजे काय बक्षीस आहे का, लेव्हल पार केली की मिळणारं? पण जिमवाल्याचा फुटून नाण्यांचा ढीग झाला तेव्हा मी खो खो हसलो, आणि ताईने वळून माझ्याकडे असं बघितलं की माझी तक्रार तिथेच संपली.

शेवटी नायिकेची सगळी बदामं जातात. नायक आपलं उरलेलं एकुलतं बदाम काढून तिला देतो आणि विझतो. काळ्या पडद्यावर 'खेळ संपला'. ती एकटी, हातात किल्ली. मग नावं वर सरकायला लागली, ती बारीक होऊन कोपऱ्यात गेली आणि टीव्हीने आपणहून सापांवरचा कार्यक्रम चालू केला. बाबा म्हणाले, "राहू दे, हे चांगलंय." ताई नाक पुसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी करंजाड्याची मंडळी यायची होती. आता आमच्याकडची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडकलंय. पत्रिका आधी बघतात. ती जुळली तरच पोह्यांना बोलावतात. माझा पत्रिकेला विरोध आहे. त्यावर मी लिहिलेलं पत्रक वाशीच्या स्टेशनबाहेर वाटलं आहे आणि त्यातलं एक बाबांनी भजी निथळायला वापरलेलं आहे. पण ही पत्रिका जुळली होती. नेरूळची आत्या, जिने स्थळ आणलं, ती म्हणाली होती, "इतके गुण तर तुझ्या आईबाबांचे पण जुळले नव्हते."

मुलीने ट्रे घेऊन यायचं, हेही मला पटत नाही. म्हणून पोह्यांचा ट्रे मी नेला. मुलाच्या आईने माझ्याकडे बघितलं, ट्रेकडे बघितलं आणि आत्याला हळूच विचारलं, "मुलगी आतच आहे का हो?"

"ही काय मी," ताई सोफ्यावरून म्हणाली. ती आधीपासून तिथेच बसली होती, पुस्तक हातात घेऊन. निळा शर्ट हसला. मला तो बरा वाटला, हे नमूद करतो.

मग पद्धतीप्रमाणे "दोघांना जरा बोलू द्या" झालं आणि ते गॅलरीत गेले. ताईची अट एकच आहे आणि ती सगळ्यांना माहीत आहे. पगार कमी चालेल, उंची कमी चालेल, खोटं चालणार नाही. आधीच्या एकाने वाचनाची आवड सांगितली होती आणि त्याला एकाही पुस्तकाचं नाव आठवेना. दुसरा सुपारीसुद्धा खात नव्हता, आणि उठताना त्याच्या खिशातून तंबाखूची पुडी पडली. यानेही आपल्या आवडींमध्ये सिनेमा सांगितला होता.

ते आत आले तेव्हा ताईचा चेहरा बंद झाला होता. मंडळी खाली उतरली, रिक्षा वळली, आणि ती म्हणाली, "नाही."

"अगं, झालं काय?" आई.

"मी कालचा सिनेमा काढला. म्हणाला, थेटरात बघितलाय, दोनदा. मी म्हटलं, शेवट कसा वाटला? तर म्हणतो, ती नाणं टाकते आणि तो परत येतो ना, ते मला फार आवडलं. म्हणे, रडवून मग हसवलं."

आम्ही कालच चौघांनी बघितला होता. नाणं नव्हतं. तो परत येत नव्हता. तो विझतो.

"कशावरून तरी ऐकलं असेल आणि ठोकून दिलं," मी म्हणालो. "दोनदा बघितला म्हणे!"

"एवढ्याशा गोष्टीला कोण खोटं बोलतं?" बाबा.

"तेच तर," ताई म्हणाली. "एवढ्याशा गोष्टीला." आणि तिने दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला घेतले. तिला तो आवडला होता. आवडला नसता तर ती इतकी व्यवस्थित घड्या घालत बसली नसती.

सोमवारी आत्याने करंजाड्याला फोन केला. काय सांगितलं? "पत्रिका जुळत नाही." आमच्याकडे नकार असाच देतात. कोणाचा अपमान नको, दोष ग्रहांवर. पण ही पत्रिका जुळली होती म्हणूनच ते आले होते! आत्या सवयीने बोलून गेली. मी भडकलो. पत्रिकेवर विश्वास नसलेल्या मुलीचा नकार पत्रिकेच्या नावाने गेला, तोही खोटा, आणि तोही समोरचा खोटं बोलला म्हणून. एका वाक्यात तीन अन्याय, आणि पत्रकात आरोपी म्हणून कोणाला घ्यायचं ते मला कळेना. आत्याला?

"मग काय सांगू?" आत्या माझ्यावर ओरडली. "नाण्यावरून फिसकटलं म्हणून सांगू?"

तिकडे करंजाड्याच्या काकू, म्हणजे मुलाची आई, काही ऐकणाऱ्यातल्या नाहीत. त्या पत्रिका घेऊन दुसऱ्या गुरुजींकडे गेल्या. ते म्हणाले, उत्तम जुळते. त्यांनी आत्याला फोन करून तसं कळवलं. आत्याने सांगितलं, आमच्या गुरुजींना वेगळं दिसलं. काकू तिसऱ्याकडे निघाल्या.

त्याच आठवड्यात संघटनेच्या खोलीवर आम्ही पत्रकांच्या घड्या घालत होतो. आमच्यातली एक मुलगी तोच सिनेमा सांगत होती. "ती नाणं टाकते तेव्हा थेटरात काय शिट्ट्या पडल्या!"

माझा हात थांबला. "कुठलं नाणं?"

"शेवटी. मशीनमध्ये."

"असलं काही नाहीये त्यात," तिच्या शेजारचा म्हणाला. "मी पण थेटरातच बघितला."

"तू नावं आली की उठला असशील. पार्किंगमधून बाईक काढायची घाई. सगळी नावं संपल्यावर आहे ते."

"म्हणजे नाहीये."

"आहे!"

माझं डोकं फिरलं. एकाच सिनेमाला दोन शेवट कसे? मी घड्या तशाच टाकून घरी आलो. दुपार होती. बाबा बेलापूरला ऑफिसात, म्हणजे रिमोट मोकळा. सिनेमा शेवटाकडे नेला. तो विझला. 'खेळ संपला'. नावं सुरू झाली, बारीक झाली आणि टीव्हीने पुन्हा साप लावले. मी मागे गेलो. पुन्हा साप. तिसऱ्यांदा कोपऱ्यातल्या त्या छोट्या चौकोनावर जाऊन दाबलं, तेव्हा नावं मोठी झाली आणि वर सरकत राहिली. केस विंचरणारे, दिवे धरणारे, चहा देणारे, कुत्र्याचा सांभाळ करणारे. आई हातात मेथी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "हे काय बघतोयस?"

"थांब."

नावं संपली. पडदा काळा. मग एक जुनं गेम मशीन, पावसात भिजलेलं. नायिका येते, मार खाल्लेल्या मामाचं एक नाणं खिशातून काढते, टाकते. खटका. तो उभा, केकचा खोका हातात, डोक्यावर तीन बदामं. म्हणतो, "परत सगळ्या लेव्हल?" ती म्हणते, "या वेळी मी पुढे."

आई म्हणाली, "अगंबाई, हा जिवंत आहे होय!" आणि मेथी घेऊन खाली बसली.

संध्याकाळी ताई आली. मी काही न बोलता लावून दिलं. तिने उभ्याउभ्याच बघितलं, पर्स खांद्यावर. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. मग ती बाबांकडे वळली. "रिमोट तुमच्याकडे होता."

"टीव्हीने लावले साप," बाबा म्हणाले. "मी फक्त बघितले."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता त्यांना कळवा. तो खरं बोलत होता. खोटं आपण बोललो.

"आता काय सांगायचं?" बाबांनी विचारलं. "मधल्या मधे ग्रह सरकले?"

पत्रिका जुळते म्हणावं, तर आधी खोटं बोललो हे कबूल करा. न म्हणावं, तर पत्रिकेमुळे मोडलं हे मी, पत्रिकाविरोधी माणूस, मान्य करून बसणार. मी म्हटलं, मी करतो फोन.

"तू नको," ताई म्हणाली. "तू घोषणा देशील."

तिने स्वतः लावला. मुलाच्या वडिलांचा नंबर होता, उचलला काकूंनी. ताईने फोन स्पीकरवर ठेवला, का ते माहीत नाही. बहुतेक आम्हाला शिक्षा म्हणून.

"बरं झालं बाई तूच केलास," काकू म्हणाल्या. "तुमचं बरोबर होतं. आमच्या तिसऱ्या गुरुजींनी पण सांगितलं, नाडी एक आहे. नाही जुळत."

बाबांनी डोळे मिटले. मी तोंड उघडलं, आईने माझ्या दंडाला चिमटा काढला.

"काकू, जुळते," ताई म्हणाली. "पहिल्यापासून जुळत होती. आम्ही खोटं सांगितलं. मला वाटलं, ते सिनेमाबद्दल खोटं बोलले. चूक माझी. मी शेवटपर्यंत बघितलाच नव्हता."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"कुठला सिनेमा?" काकूंनी विचारलं.

ताईने सांगितला. बदामं, मामा, नाणं, सगळं. काकू मध्ये मध्ये "मामाला का मारतात?" असं विचारत होत्या, आणि ताई सांगत होती. शेवटी काकू म्हणाल्या, "तो कामावरून आला की सांगते. पण गुरुजींचं काय करायचं? तीन-तीन झाले."

"ते तुम्ही ठरवा. त्यांना फक्त एवढंच सांगा, मी आता पूर्ण बघितला."

अजून उलटा फोन आलेला नाही. ताई रोज ऑफिसातून आली की आधी फोन चार्जिंगला लावते आणि मग चप्पल काढते. मी पहिली ओळ अजून बदललेली नाही. अन्याय ताईवर झाला, की निळ्या शर्टावर, हे मला ठरवता येत नाही. आरोपी आत्या, की रिमोट, की साप, की तिसरे गुरुजी, की ताईच्या होला हो म्हणणारा मी, तेही नाही. मागणी तेवढी ठरली आहे.

तुमच्या घरातून कधी कोणाला "पत्रिका जुळत नाही" असा खोटा निरोप गेला असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा, त्या घरी फोन लावा आणि खरं कारण सांगा. ते कितीही हास्यास्पद असलं तरी सांगा. आत्याला सांगायला लावू नका. तुम्ही स्वतः करा, आणि आजच करा.