दादूच्या पुस्तकावरचा माझा अभिप्राय

माझ्या आईला हे ठाऊक नाही. ज्यांच्याबरोबर मी तुरुंगाची भाकरी खाल्ली, त्या सोबत्यांना ठाऊक नाही. दादूला ठाऊक आहे, पण तो बोलत नाही. तेव्हा आज तुम्हालाच सांगतो. तुम्ही कोण, कुठले, मला माहीत नाही — आणि खरं सांगू? म्हणूनच जीभ थोडी सैल सुटते आहे.

मी लिहायला शिकलो तो पत्रकं लिहून. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींच्या भिंतींवर खळ लावून चिकटवायची पत्रकं. वर 'बंधूंनो', खाली 'धिक्कार असो'. मधलं कुणी वाचत नसे. मी लिहीत मात्र असे. पुढं बेळगावातल्या एका साप्ताहिकानं मला नव्या पुस्तकांचं सदर दिलं. पुस्तक माझ्या हाती पडलं की लेखकाला घाम फुटतो, असं लोक म्हणायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मी सांगतो आहे त्या अंकात तीन पुस्तकांवर लिहिलं होतं. पहिलं इतिहासाचं — एका पेन्शनर मामलेदारांनी आपल्या भागातल्या एका सरदार घराण्यावर लिहिलेलं. पानंच्या पानं वंशावळ, आणि रयतेला अर्धं पान. घराण्यानं किल्ला बांधला म्हणे. दगड कुणी वाहिले? — असं मी विचारलं. आजही तेच विचारीन. दुसरी कादंबरी. तिची नायिका शिकलेली, आणि पहिल्या प्रकरणापासून शेवटच्या प्रकरणापर्यंत खिडकीत बसून रडणारी. या बाईला लेखकानं एकदाही जेवू घातलेलं नाही, असं मी लिहिलं. वाचनालयात लोक ते वाचून हसले. कादंबरीकार रागावले. रागावोत. ते माझं प्रामाणिक मत होतं.

तिसरं पुस्तक दादूचं.

दादू कंग्राळीचा. घरची शेती, मराठी शाळेतलं जेमतेम शिक्षण. जंगल सत्याग्रहात खानापूरच्या पुढं जंगलातलं गवत कापून आम्ही कायदा मोडला आणि एकाच दिवशी आत गेलो. एकाच बराकीत राहिलो. त्याला लिहायची गोडी मी लावली — हे मी किती जणांना सांगितलं असेल! त्याचं पहिलं पत्रक मीच सुधारलं होतं.

"नुसतं 'सरकार' काय लिहितोस? 'जुलमी सरकार' लिही," मी म्हणालो.

"जुलमी हाय ते समद्यास्नी ठावं हाय की," तो म्हणाला. "परत कशाला सांगायचं?"

मी हसलो होतो तेव्हा. अडाणी म्हणून हसलो.

सुटून आल्यावर आम्ही दोघांनी आपापल्या तुरुंगाच्या आठवणी लिहिल्या. दोघांचीही बाडं एकाच छापखान्यात गेली. छापखान्याचे मालक निपाणीकडचे जैन, वयानं वडिलांच्या बरोबरीचे; आम्ही सगळेच त्यांना आप्पा म्हणायचो. आप्पांनी माझं बाड माझ्यासमोर ठेवलं आणि कानाला हात लावला.

"साकु, पुरे रं बाबा. लई गर्जना हाय हेच्यात."

"आप्पा, कमी काय हाय ते तरी सांगा."

"कमी काय न्हाय. जास्त हाय." मग चष्मा पुसत म्हणाले, "दादूचं वाच जा. आमच्यात उपास मोडला तर माणूस मुनिमहाराजांपुढं बसून सांगतो. सांगायला छाती लागती. त्या पोरानं सांगितलंय."

काय सांगितलं होतं दादूनं? तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

आत आम्हाला किडकं धान्य मिळे. त्याविरुद्ध आख्ख्या बराकीनं अन्न सोडलं. बाहेर त्या उपवासाचा मोठा गवगवा झाला. सभा झाल्या, आमच्या नावानं जयजयकार झाले. उपवास चालू असतानाही चक्कीखाना झाडायला आमच्यातल्या दोघांना पाठवत, रोज निराळे दोघे. तिथं जात्याभोवती जोंधळ्याचं पीठ सांडलेलं असे. दादूनं लिहिलं होतं की एके दिवशी त्यानं ते खाल्लं. बोटानं चाटून खाल्लं. बरोबर आणखी एक जण होता, त्यानंही खाल्लं. 'त्याचं नाव त्याच्यापाशी आहे,' एवढंच लिहून तो पुढं गेला होता.

दुसरा मी होतो.

आता तुम्ही म्हणाल — भ्याला, म्हणून त्या पुस्तकावर तुटून पडला. नाही. इथंच तर मला अडखळायला होतं. भीती असती तर मी गप्प बसलो असतो. नाव त्यानं झाकलं होतं. झाडायला कोण कधी गेलं, याची आठवण कुणाला राहिली नव्हती. मी त्या पुस्तकाची स्तुती केली असती तर माझ्या केसाला धक्का लागला नसता. मग?

दादूच्या पुस्तकात एक वाक्य आहे. 'कोरडं पीठ लौकर गिळवत नाही. तोवर आपण काय करतोय ते माणसाला दिसत राहतं.' हे वाक्य मी वाचलं आणि पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. वाक्य तिथंच होतं. तेच पीठ माझ्याही टाळूला चिकटलं होतं. तीच फरशी, तोच केरसुणीचा वास. आणि माझ्या बाडात त्या दिवसाविषयी काय होतं? 'सिंहाप्रमाणे आम्ही उपाशी राहिलो.' सिंह! सिंह कशाला उपाशी राहील? हे साधं मला लिहिताना सुचलं नाही, आणि त्याला — ज्याची पत्रकं मी सुधारली त्याला — हे सुचलं कसं? माझ्या जिभेवरचं त्यानं कागदावर उतरवलं. माझ्यापाशी होतं आणि मला दिसलं नाही, ते त्याला दिसलं.

वाचनालयात आप्पांनी ते प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं. येळ्ळूरहून आलेला एक म्हातारा शेतकरी उपरण्यानं डोळे टिपत होता. मी दाराशी उभा होतो. कुणी माझ्याकडं वळून म्हणालं, "दोस्त तुमचा, काय लिवलंय बघा!" मी "हो की" म्हणालो. ते 'हो की' म्हणताना दात किती आवळावे लागले, ते मलाच माहीत.

घरी जाऊन अभिप्राय लिहायला बसलो. पत्रकं लिहिणाऱ्याला एक विद्या येते — माणसाला नाव ठेवायची. मी दादूला 'पीठखाऊ' म्हटलं. लिहिलं, की देश उपाशी असताना हा पीठखाऊ जातं चाटत होता आणि आता त्याची बढाई मारतो आहे. एवढ्यावर भागलं नाही. ज्याची स्तुती चालली होती तो त्याचा खरेपणाच मला मोडायचा होता. म्हणून पुढं लिहिलं — दुसरा कोण? दुसरा नव्हताच! आपलं पाप वाटून घ्यायला लेखकानं कल्पनेतून एक माणूस काढला, आणि तसं करून बराकीतल्या प्रत्येक सत्याग्रहीवर चिखल उडवला.

मी होतो. आणि मी नव्हतो, असं मी छापलं.

नाव चिकटलं. पत्रकापेक्षा घट्ट चिकटलं. दादू बटाट्याची गाडी घेऊन बेळगावच्या बाजारात आला की हमाल विचारायचे, "काय दादू, आज पीठ न्हाय आणलंस व्हय?" कंग्राळीत देवळाच्या ओसरीवर तो संध्याकाळी बाया-बाप्यांना अक्षरं शिकवायचा. एकेक करून लोक यायचे बंद झाले. मला हे सारं कळत होतं. कळल्यावर वाईट वाटलं का? थोडं. पण आत कुठंतरी मी विचारायचो — आता लिही बघू तसं वाक्य!

मग बराकीतले सोबती खवळले. त्यांचं चूक नव्हतं. तो दुसरा कोण ते कळेना, म्हणजे प्रत्येकावर संशय. शेवटी आमच्यातले वडीलधारे — त्यांना आम्ही अण्णा म्हणतो — त्यांनी आपल्या घराच्या सोप्यावर सगळ्यांना बोलावलं. दादूनं नाव सांगायचं, नाहीतर पुस्तक खोटं म्हणून कबूल करायचं. अभिप्राय माझा, म्हणून मला अण्णांच्या शेजारी बसवलं.

दादू खाली जाजमावर बसला होता. बाजारातून तसाच आलेला, तळव्यांना तांबडी माती. अण्णा म्हणाले, "बाबा रं, नाव घे आणि मोकळा हो. न्हायतर आमी समदेच चोर ठरतोय."

दादूनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. "सांगू?" म्हणाला.

सगळ्यांना वाटलं तो अण्णांना विचारतो आहे. अण्णा "सांग की" म्हणालेसुद्धा. पण विचारलं होतं मला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. माझं नाव घ्यायचं की नाही, ते तो मलाच ठरवायला देत होता. एक शब्द पुरे होता. 'मी' — एवढाच. त्याहून लहान शब्द मराठीत कुठला असेल?

मी काय म्हणालो? मी मोठ्यानं म्हणालो, "नसलेल्या माणसाचं नाव काय सांगणार तो!" लोक हसले. मला अजून आठवतं, चांगले हसले.

हसणं थांबेपर्यंत दादू थांबला. मग म्हणाला, "एकटाच हुतो मी. दुसरं कुनी नव्हतं. लिवताना चुकलं."

उठला, चप्पल घातली आणि गेला. दुसऱ्या दिवशी छापखान्यातून उरलेल्या सगळ्या प्रती त्यानं गाडीत घालून नेल्या. त्यांचं काय केलं, मी विचारलं नाही. आप्पा त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्यांना संशय आहे का? मला माहीत नाही. माझं बाड मात्र पुढं दुसरीकडं छापून निघालं, सिंहासकट. त्याला हार पडले. दादूनं पुन्हा काही लिहिल्याचं मी ऐकलं नाही.

आणि त्या सोप्यावर, तो दाराबाहेर जात असताना, मला काय वाटलं ते सांगायचं राहिलं. सुटलो असं वाटलं? नाही. लाज वाटली? ती फार मागाहून आली. पहिल्यांदा हेवाच वाटला. हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, तेसुद्धा किती साध्या शब्दांत! मला जन्मात जमणार नाही असं त्यानं पुन्हा एकदा केलं होतं, माझ्याच डोळ्यांदेखत.

यावर मला काही बाजू मांडायची नाही. मी वयानं लहान होतो असं म्हणता येईल. दादू माझ्याहून लहान होता.

इतिहासाच्या आणि कादंबरीच्या पुस्तकांवरचं माझं मत कायम आहे. तिसऱ्यावरचं मागं घेतो, आणि जे तेव्हा लिहायला हवं होतं ते आता लिहितो.

पुस्तक लहान आहे. विशेषणं जवळजवळ नाहीत, त्यांची उणीवही भासत नाही. तुरुंगावर आपल्याकडं जे लिहिलं गेलं त्यात, माझ्या वाचनात तरी, याहून खरं काही आलेलं नाही. लेखक स्वतःला मोठा करत नाही, आणि दुसऱ्याला लहान करत नाही. एकाच ठिकाणी पुस्तक चुकलं आहे. 'पहिलं बोट मी लावलं,' असं लेखक म्हणतो. ते बरोबर नाही. लेखक तेव्हा माझ्याकडं पाठ करून दाराजवळचा केर काढत होता. मी जात्यापाशी बसून खात होतो. पोटभर झाल्यावर मी त्याला हाक मारली, आणि तो नको म्हणत असताना त्याचा हात धरून पिठात घातला.